घराण्यातला किडनीचा आजार आणि डोक्यातला रक्तस्राव

गेल्या हिवाळ्यात आमच्या मुदखेड तालुक्यातल्या एका वस्तीत आम्ही जलदान विधीला गेलो होतो. गेलेली बाई एक्केचाळीस वर्षांची. पहाटे फुलं तोडायला जायची, दुपारी घरी शिवणकाम करायची. त्या रात्री जेवणं झाल्यावर भांडी घासता घासता "माय, डोकं फुटलं" म्हणून तिने दोन्ही हातांनी डोकं धरलं. दोन उलट्या झाल्या आणि ती आडवी झाली. घरच्यांनी बाम चोळला, डोकेदुखीची गोळी दिली, सकाळी दवाखान्यात नेऊ म्हणाले. सकाळपर्यंत ती राहिली नाही.

मांडवात कुजबुज चालली होती. कोणी म्हणालं, बाहेरचं झालं. कोणी भानामतीचं नाव काढलं. काही जण तिच्या नवऱ्याकडे संशयाने बघत होते. तिचा मोठा भाऊ लातूरहून आला होता. हात जोडताना त्याची बाही वर सरकली आणि मनगटाच्या वर फुगलेली शीर दिसली. वॉर्डात वर्षं काढलेल्याला ती खूण लगेच कळते. डायलिसिससाठी केलेला फिस्टुला होता तो.

"दादा, डायलिसिस कधीपासून चालू आहे?" आम्ही विचारलं.

"दोन वर्षं झाले, ताई. किडनीत गाठी हायत म्हणले डॉक्टर. आमच्या मायला बी व्हत्या. ती बावन्नची असताना गेली."

"आणि असं डोकं धरून आणखी कोणी गेलं का घरात?"

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मामा गेला. चाळिशीत. असाच, उभ्या उभ्या."

घरात शिरून आम्ही तिच्या कागदांची पिशवी मागितली. रेशनकार्ड, मुलांचे दाखले, गॅसचं पुस्तक, आणि तळाशी पाच वर्षांपूर्वीचा सोनोग्राफीचा रिपोर्ट. कंबर दुखते म्हणून मुतखड्याच्या संशयाने काढलेला. त्यावर स्पष्ट लिहिलं होतं की दोन्ही किडन्या मोठ्या झाल्या आहेत आणि दोन्हींत अनेक सिस्ट आहेत. खडा नाही म्हणून त्या वेळी तिला दुखण्याच्या गोळ्या देऊन घरी पाठवलं होतं. सिस्ट म्हणजे काय, पुढे काय करायचं, भावा-बहिणींना तपासा, हे तिला कोणीच सांगितलं नव्हतं.

तिचा सीटी स्कॅन झाला नाही. त्यामुळे ती मेंदूतल्या रक्तस्रावानेच गेली असं आम्ही छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण आईची किडनी, भावाचं डायलिसिस, मामाचा मृत्यू, तिचा रिपोर्ट आणि ती रात्र हे सगळं एका ओळीत ठेवलं की एक ओळखीचा आजार दिसतो. मागे तिची तीन मुलं आहेत: एकवीस वर्षांची मुलगी, एकोणीसचा मुलगा आणि पंधराची धाकटी. घरच्यांची परवानगी घेऊन, नावगाव न सांगता, हा लेख आम्ही त्या तिघांसाठी आणि अशा प्रत्येक घरासाठी लिहीत आहोत.

एक कबुलीही देतो. आम्ही वॉर्डात होतो तेव्हा असे कितीतरी रिपोर्ट आमच्या हातांनी फाइलला लावले. "घरात आणखी कोणाला आहे का?" एवढा प्रश्न आम्हीही विचारला नाही.

आजार काय आहे

आपल्या प्रत्येक किडनीत रक्त गाळणाऱ्या सुमारे दहा लाख बारीक चाळण्या असतात आणि त्यांना जोडलेल्या नळ्या असतात. या आजारात नळ्यांच्या भिंतींना पाण्याचे फोड येतात. सुरुवातीला ते मोहरीएवढे असतात, पुढे द्राक्षाएवढे, काही लिंबाएवढे होतात. डॉक्टर त्यांना सिस्ट म्हणतात, लोक गाठी म्हणतात. या गाठी कॅन्सरच्या नसतात. पण त्या वर्षानुवर्षं वाढत जातात आणि शेजारच्या चांगल्या चाळण्या दाबून टाकतात. साधारण दहा ते बारा सेंटीमीटरची किडनी वीस सेंटीमीटर किंवा त्याहून मोठी होऊ शकते. आजाराचं नाव पॉलिसिस्टिक किडनी, म्हणजे अनेक गाठींची किडनी. किडनीच्या पिढीजात आजारांत हा सगळ्यांत जास्त आढळणारा आजार आहे.

त्रास बहुतेकांना तिशी-चाळिशीत सुरू होतो. बरगडीखाली किंवा कंबरेत दुखणं, लघवीतून रक्त, वारंवार लघवीचा संसर्ग, मुतखडा. पण या सगळ्याआधी, कधी कधी विशीतच, एक गोष्ट गुपचूप सुरू होते ती म्हणजे बीपी वाढणं. क्रिएटिनिन मात्र बरीच वर्षं नॉर्मल येतं, कारण उरलेल्या चाळण्या जास्त काम करून भार उचलतात. म्हणून "क्रिएटिनिन चांगलं आहे, मला काही नाही" असं या आजारात म्हणता येत नाही. साठीपर्यंत निम्म्या रुग्णांच्या किडन्या निकामी होतात. उरलेल्या निम्म्यांचं आयुष्य डायलिसिसशिवाय त्यापुढेही चालतं.

हा आजार राजालाही होतो आणि मजुरालाही. पोलंडचा राजा स्टीफन बाथोरी १५८६ साली वारला. त्याचं शरीर उघडून पाहणाऱ्यांना त्याच्या किडन्या बैलाच्या किडनीएवढ्या मोठ्या आणि खडबडीत दिसल्या. त्याला हाच आजार असावा असं आजचे डॉक्टर मानतात. पिढीजातपणाचा हिशोब मात्र बऱ्याच उशिरा नीट लागला. १९५७ साली डेन्मार्कचे डॉक्टर डालगार्ड यांनी २८४ रुग्ण आणि त्यांच्या घरच्यांची माहिती जमवून दाखवलं की हा आजार आई-वडिलांकडून मुलांकडे ठरावीक नियमाने जातो. त्यामागची दोन मुख्य जनुकं १९९४ आणि १९९६ साली सापडली.

किडनीचा डोक्याशी संबंध काय

जनुक म्हणजे शरीर कसं बांधायचं याची पेशीत लिहून ठेवलेली सूचना. ही दोन जनुकं पॉलिसिस्टिन नावाची प्रथिनं बनवायला सांगतात. किडनीच्या नळ्यांना आतल्या वाहत्या पाण्याची जाणीव व्हावी, त्यांनी ठरल्या मापातच राहावं, हे काम ही प्रथिनं करतात. सूचनेत चूक असली की नळीचं माप बिघडतं आणि फोड येतो.

तीच प्रथिनं रक्तवाहिन्यांच्या भिंतीतही असतात. सूचना एकच, वापर दोन ठिकाणी. म्हणून ती चुकली की किडनीत गाठी येतात आणि काही जणांच्या रक्तवाहिन्यांची भिंतही कमजोर राहते. मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांना फाटे फुटतात. तिथे रक्ताचा दाब भिंतीवर जास्त आदळतो. कमजोर जागा हळूहळू बाहेर फुगते. सायकलचा टायर एका जागी घासून पातळ झाला की आतली ट्यूब तिथून फुग्यासारखी बाहेर येते, तसंच. या फुग्याला ॲन्युरिझम म्हणतात. त्यात या आजारात बीपी लवकर वाढतं, म्हणजे टायर घासलेला आणि हवाही जास्त.

फुगा लहान असेपर्यंत बहुतेकांना काहीच जाणवत नाही. तो फुटला तर रक्त मेंदूभोवतीच्या पोकळीत पसरतं. असा रक्तस्राव झालेल्यांपैकी तिघांत एक किंवा त्याहून जास्त माणसं दगावतात. वाचलेल्यांपैकी काहींना अपंगत्व येतं. या आजाराच्या माणसांत फुगा फुटलाच तर तो इतरांपेक्षा लवकर, साधारण चाळिशीच्या आसपास फुटतो. घरातलं कमावतं, लेकरांचं करणारं माणूस या वयाचं असतं.

घाबरायचं किती

हे वाचून ज्याच्या किडनीत गाठी आहेत त्याची झोप उडू नये, म्हणून आकडे नीट समजून घेऊ.

साध्या शंभर माणसांत दोन-तीन जणांच्या डोक्यात असा फुगा असतो. गाठींच्या किडनीच्या शंभर रुग्णांत तो साधारण दहा जणांत सापडतो. म्हणजे नव्वद जणांत नसतो. ज्यांच्यात असतो त्यांच्यातही बहुतेकांचा फुगा आयुष्यभर फुटत नाही. पण घरात आधी कोणाला मेंदूतला रक्तस्राव किंवा फुगा झाला असेल, तर शंभरातल्या दहाचे वीस किंवा जास्त होतात. म्हणून सगळा प्रश्न इथे येऊन थांबतो: आपल्या घरात कोण, कोणत्या वयात, कशाने गेलं?

आणखी एक. वय वाढलं की पुष्कळ लोकांच्या किडनीत एखाद-दुसरी साधी गाठ सापडते. तो हा आजार नाही. रिपोर्टवर एक सिस्ट लिहिलेली दिसली म्हणून रडत बसू नका, डॉक्टरांना विचारा.

आईच्या माहेरचं आजारपणही आपलंच

आई किंवा वडील, दोघांपैकी एकाला हा आजार असेल तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी असते. नाणं उडवल्यासारखी. मुलगा असो की मुलगी, शक्यता सारखीच. पहिल्या मुलाला आला म्हणून दुसरं सुटलं असं होत नाही. प्रत्येक वेळी नाणं नव्याने उडतं. ज्याच्यात तो आला नाही, त्याच्या मुलांना त्याच्याकडून तो जातही नाही. आई-वडील दोघांनाही नसताना नव्याने सुरू झालेला आजारही काही घरांत सापडतो.

आपल्याकडे घराणं म्हणजे बापाचं आडनाव. दवाखान्यात "घरात कोणाला काही आहे का?" असं विचारलं तर आपण आजोबा, काका, चुलते आठवतो. आईचे भाऊ, मावशा, आईची आई त्या यादीत येत नाहीत. लग्न होऊन मुली दूरदूरच्या गावी जातात आणि त्यांचे आजार त्यांच्या सासरच्या नावावर लिहिले जातात. वर सांगितलेल्या घरात हेच झालं. आईचा आजार एका गावात, मामाचा मृत्यू दुसऱ्या गावात, भावाचं डायलिसिस लातूरला, बहीण मुदखेडला. चौघांचं दुखणं एकच होतं, पण ते एका कागदावर कधी आलंच नाही.

म्हणून आमची पहिली विनंती कागदाची आहे. वहीचं एक पान घ्या. मधे स्वतःचं नाव लिहा. वर आई-वडील, त्यांच्या वर दोन्हीकडचे आजी-आजोबा, बाजूला काका, आत्या, मामा, मावशी, खाली भावंडं आणि मुलं. प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा: किडनीचा आजार किंवा डायलिसिस होतं का, बीपी किंवा लकवा होता का, आणि गेले असतील तर कोणत्या वयात, कसे. "अचानक गेला" हे उत्तरही लिहा. "डोकं धरून पडली" हेही लिहा. वस्तीतल्या म्हाताऱ्या बायांना हे सगळं तोंडपाठ असतं. त्या आहेत तोवर विचारून घ्या.

कोणी कोणती तपासणी करावी

आई, वडील, भाऊ किंवा बहीण यांपैकी एकाला गाठींचा आजार असेल तर अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाने पोटाची सोनोग्राफी करून घ्यावी. ती दुखत नाही, तिच्यात क्ष-किरण नसतात. घरात आजार असताना पंधरा ते एकोणचाळीस वयात दोन्ही किडन्या मिळून तीन किंवा जास्त गाठी दिसल्या तर आजार आहे असं धरतात. चाळीस ते एकोणसाठ वयात प्रत्येक किडनीत किमान दोन, आणि साठीनंतर प्रत्येक किडनीत किमान चार गाठी लागतात. चाळिशीनंतर एकही गाठ नसेल तर निश्चिंत व्हा. पण विशीत सोनोग्राफी चांगली आली म्हणून कायमचे सुटलो असं नाही. गाठी पुढे दिसू शकतात. काही वर्षांनी पुन्हा करावी लागते.

लहान मुलांची सोनोग्राफी घाईने करायची गरज नाही. पण अशा घरातल्या मुलांचं बीपी वर्षातून एकदा जरूर मोजून घ्या. तक्रार नसली तरी.

डोक्याची तपासणी सगळ्या रुग्णांना लागत नाही. ज्यांना गाठींचा आजार आहे आणि ज्यांच्या जवळच्या नात्यात मेंदूतला रक्तस्राव, फुगा किंवा कमी वयातला अचानक, कारण न कळलेला मृत्यू झाला आहे, त्यांनी किडनीच्या डॉक्टरांना एमआर अँजिओग्राफीबद्दल स्पष्ट विचारावं. ही एमआरआयच्या मशीनवर होणारी, मेंदूच्या रक्तवाहिन्या दाखवणारी तपासणी आहे. या कामासाठी ती इंजेक्शनचं औषध न देताही होते, आणि किडनी कमजोर असलेल्याला तशीच केलेली बरी. शरीरात पेसमेकर किंवा धातूचं काही बसवलं असेल तर आधी सांगा.

सगळ्यांची का नाही करायची? कारण लहान, निरुपद्रवी फुगा सापडला तर माणूस आयुष्यभर भीतीत जगतो, आणि डोक्यातल्या शस्त्रक्रियेलाही स्वतःचा धोका आहे. फुगा लहान असेल तर डॉक्टर सहसा बीपी सांभाळायला सांगतात आणि ठरावीक काळाने पुन्हा बघतात. मोठा किंवा धोक्याच्या जागी असेल तर दोन उपाय आहेत: कवटी उघडून फुग्याच्या मानेला चिमटा लावणं, किंवा जांघेतल्या नाहीतर मनगटातल्या रक्तवाहिनीतून बारीक तार नेऊन फुगा आतून बुजवणं. तपासणी चांगली आली तरी जास्त धोक्याच्या माणसांना ती पाच ते दहा वर्षांनी पुन्हा करायला सांगतात.

रोजच्या हातातलं

जनुक बदलता येत नाही. पण बीपी आणि तंबाखू आपल्या हातात आहेत, आणि किडनी व डोकं दोन्हींना तेच वाचवतात.

बीपी मोजणं उपकेंद्रात, ग्रामीण रुग्णालयात, आशाताईंच्या शिबिरात फुकट होतं. गाठींच्या आजारात ते १३० वर ८० च्या खाली ठेवायचं. तरुण रुग्णांत डॉक्टर त्याहूनही खाली ठेवतात. लोसार्टन, टेल्मिसार्टन, एनालाप्रिल अशा गोळ्या या आजारात पहिल्यांदा निवडल्या जातात. "बरं वाटतंय" म्हणून गोळी सोडू नका. बीपी कमी झालंय ते गोळीमुळेच. पण बहिणींनो, एक लक्षात ठेवा. या गोळ्या पोटातल्या बाळाला घातक आहेत. दिवस राहायची शक्यता असेल तर आधी डॉक्टरांना सांगा, ते दुसरी गोळी देतात. आणि बाळंतपणात बीपी वाढलं होतं, तर बाळंतपणानंतरही मोजत राहा. त्या गेलेल्या बाईचं दुसऱ्या वेळी वाढलं होतं. पुढे कोणी मोजलं नाही.

बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या डोक्यातला फुगा वाढण्याचा आणि फुटण्याचा धोका जास्त असतो. तंबाखू, गुटखा, मिश्रीने बीपी चढतं. ज्या घरात हा आजार आहे तिथे हे सगळं उंबऱ्याबाहेर गेलंच पाहिजे.

मीठ दिवसाला एक छोटा चमचा, म्हणजे पाच ग्रॅमपर्यंत. पापड, लोणचं, खारे शेंगदाणे, फरसाण, ताटात वरून घेतलेलं मीठ यांत ते लपलेलं असतं. किडनी चांगली असेपर्यंत भरपूर पाणी प्या. डायलिसिसवर असाल तर डॉक्टर सांगतील तेवढंच.

अंगदुखीच्या गोळ्या, डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, मेडिकलमधून पुडीत बांधून मिळणारं "मिक्स" किडनीला मारक आहे. दिवसभर वाकून काम करणाऱ्या बायांना या पुड्यांची सवय लागते हे आम्ही रोज बघतो. दुखलंच तर पॅरासिटामॉल, तेही विचारून. गाठी विरघळवतो म्हणणाऱ्याचं भस्म, काढा घेऊ नका. गाठींची वाढ मंदावणारं टॉल्व्हाप्टन नावाचं औषध आहे, पण ते सगळ्यांना लागू नसतं. महाग आहे, आणि ते चालू असताना लिव्हरची रक्ततपासणी करत राहावी लागते.

किडनी देण्याची वेळ आली तर भाऊ-बहीण पुढे येतात. त्यांनी आधी स्वतःची तपासणी नीट करून घ्यावी, कारण तोच आजार त्यांच्यातही असू शकतो. बसवलेल्या नव्या किडनीत हा आजार परत येत नाही.

अचानक डोकं फुटल्यासारखं झालं तर

हा भाग कापून भिंतीला लावा. ज्या घरात किडनीचा आजार नाही त्यांनीही.

फुगा फुटल्याची डोकेदुखी रोजच्यासारखी हळूहळू चढत नाही. एका क्षणात, जास्तीत जास्त मिनिटभरात टोकाला जाते. "आयुष्यात असं कधी दुखलं नव्हतं" असं माणूस म्हणतो. सोबत उलटी, मान आखडणं, उजेड सहन न होणं, एका डोळ्याची पापणी लोंबणं, दोन दोन दिसणं, झटका किंवा बेशुद्धी यांपैकी काहीही असू शकतं. काही जणांना मोठ्या रक्तस्रावाच्या काही दिवस आधी असंच अचानक दुखून थांबतं. थांबलं म्हणून सोडून देऊ नका.

अशा वेळी पहिलं काम १०८ ला फोन. दुसरं, वेळ लिहून ठेवा. माणसाला कुशीवर झोपवा, बेशुद्ध असेल तर तोंडात पाणीही घालू नका. डिस्प्रिन, ॲस्पिरिन किंवा दुखण्याची कोणतीही गोळी देऊ नका, त्यातल्या काही रक्त पातळ करतात. सकाळची वाट बघू नका. भगताकडे, देवऋष्याकडे एक तासही घालवू नका. एकदा फुटलेला फुगा पहिल्या चोवीस तासांत पुन्हा फुटण्याचा धोका सगळ्यांत जास्त असतो.

दवाखान्यात एवढं वाक्य स्पष्ट बोला: "डोकं अचानक दुखलं, अमुक वाजता, आणि आमच्या घरात किडनीच्या गाठींचा आजार आहे." हे ऐकलं की डॉक्टर डोक्याचा सीटी स्कॅन सांगतात. पहिल्या काही तासांत केलेल्या साध्या सीटीमध्ये असा रक्तस्राव बहुधा दिसतोच. मुदखेडहून नांदेड रेल्वेने, रस्त्याने जवळ आहे. विष्णुपुरीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १०८ च्या गाडीला ठाऊक आहे. मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी पुढे पाठवलं तर सीटीची फिल्म आणि कागद सोबत न्या.

पैशाचं काय

तपासायला नको, निघालं तर पैसा कुठून आणायचा, असं आपली माणसं म्हणतात. ते खोटं नाही. पण २ जुलै २०१२ ला जीवनदायी योजना पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आपला नांदेड होता. २०१७ पासून तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. आता तिच्यात रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. डायलिसिस त्यात आहे. योजनेच्या दवाखान्यात दाराशी आरोग्यमित्र बसतो. त्याला रेशनकार्ड आणि आधार दाखवा आणि आपला उपचार किंवा तपासणी योजनेत बसते का ते आधी विचारा. फोन १५५३८८, पैसे लागत नाहीत. योजनेत असताना पैसे मागितले तर याच नंबरवर तक्रार करा आणि आम्हालाही कळवा.

त्या तिघांचं पुढे काय झालं

मोठ्या मुलीचं बीपी १४८ वर ९६ निघालं. सोनोग्राफीत दोन्ही किडन्यांत गाठी आहेत. आई आणि आईचा मामा अचानक गेले म्हणून डॉक्टरांनी तिची एमआर अँजिओग्राफी केली. फुगा नाही. रोज एक गोळी चालू आहे आणि आता बीपी ताब्यात आहे. मुलाची सोनोग्राफी चांगली आली. पुन्हा कधी करायची ते वर्ष त्याच्या कागदावर लिहून दिलं आहे. त्याने तंबाखू सोडली असं तो म्हणतो. त्याची बहीण लक्ष ठेवून आहे. धाकटीचं बीपी दर वर्षी मोजायचं ठरलं आहे.

मोठीचं लग्न जमलं होतं. तिने स्वतः मुलाकडच्यांना रिपोर्ट दाखवला. आत्या म्हणाली, लपवून ठेव. ती म्हणाली, "माझ्या मायचा रिपोर्ट पिशवीच्या तळाला होता, आत्या. माझा राहणार नाही." मुलाकडचे अजून काही बोललेले नाहीत. मुलगा मात्र एकदा येऊन आम्हाला विचारून गेला की लेकरांना होतो का, आणि बीपी घरी कसं मोजायचं.

ज्या घरात अशी मुलगी किंवा मुलगा आहे त्यांना तोडू नका. हा कोणाच्या पायगुणाचा, पापाचा किंवा करणीचा प्रकार नाही. आजाराला कारण आहे, ते माहीत आहे, आणि त्यावर करण्यासारखं पुष्कळ आहे. सून अचानक गेली म्हणून तिच्या नवऱ्यावर बोट ठेवण्याआधी तिच्या माहेरचा कागद बघा. आणि तो कागद तिच्या हयातीत बघितला तर ती वाचूही शकते.

येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर आम्ही बीपीचं मशीन घेऊन विहारात बसणार आहोत. आपापल्या घराचा कागद भरून आणा. आईकडची बाजू रिकामी ठेवू नका. जुने रिपोर्ट पिशवीच्या तळाशी असतील तर तेही आणा, वाचून समजावून सांगू.

जय भीम.